आधी कललेली बाजू

सर, रविवारी उत्तर देते म्हणाले होते. तुम्ही शनिवारीच निघून गेलात. कुठंही अर्धा तास आधी जाऊन बसायची तुमची खोड मला ठाऊक होती, पण ही घाई मला पटलेली नाही. माझं उत्तर मी हडपसरहून येताना बसमध्ये उभ्या उभ्या घोकलं होतं, तुम्ही मध्येच तोडून बोलाल म्हणून त्याचे तीन भागही पाडून ठेवले होते. आणि ते उत्तर 'नाही' असं होतं.

प्रश्न तुमचाच होता. दोन वर्षं तुम्ही तो विचारत होतात: प्रज्ञा, बोटीवर परत कधी जाणार? मी चीफ ऑफिसर. माल कुठं किती भरायचा, कुठल्या टाकीत पाणी घ्यायचं, जहाज सरळ कसं ठेवायचं, हे माझं काम. लाकूड वाहणाऱ्या त्या जहाजावरून मी उतरले आणि पुन्हा कुठल्याच जहाजावर चढले नाही. तुमच्या क्लासमध्ये तुमच्या शेजारी खुर्ची टाकली आणि पोरांना जहाजाची स्टॅबिलिटी शिकवू लागले. आता कंपनीनं फोन करून सांगितलं, की यायचं तर कळवा, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो. मी तुम्हाला म्हणाले, "विचार करते." तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "दोन वर्षं विचारच चाललाय. एवढ्यात एखाद्यानं जहाज बांधलं असतं."

त्यावर मी रागावून रविवारचा वायदा केला. तो मोडला तो तुम्ही. हे लिहून ठेवते, कारण आपल्या भांडणात माझी बाजू बरोबर असल्याचे प्रसंग फार थोडे आहेत.

बुधवार पेठेतली ती लांबट खोली अजून तशीच आहे. खालच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सोल्डरिंगचा वास वर येतो, रस्त्यावरून गणपतीच्या दर्शनाला निघालेल्यांचा गलका येतो, आणि दारावर तुमची पाटी आहे: 'आत येताना मोबाईल बंद करावा. बाहेर जाताना डोके बंद करू नये.' नव्या बॅचमधलं कुणीतरी दर वेळी विचारायचंच, की सर, समुद्र सोडून पुण्यात क्लास का काढलात? "इथं समुद्र नाही म्हणून," तुम्ही सांगायचात. "समुद्र दिसत असला की पोरं त्याच्याकडेच बघत बसतात. जहाजाकडे कोण बघणार?"

मी पहिल्यांदा त्या खोलीत आले तेव्हा बाबा सोबत होते. महापालिकेतली नोकरी संपवून नुकतेच घरी बसलेले, मुलीनं हे काय भलतंच काढलंय याच्या काळजीनं जेवण कमी झालेले. त्यांनी "जय भीम" केलं, तुम्हीही "जय भीम" म्हणालात आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवलीत. बाबांनी मनातलं एकदम विचारून टाकलं, "साहेब, बोट बुडत तर नाही ना?"

"हिला पोहता येतं का?" तुम्ही विचारलंत.

"नाही हो."

"उत्तम. मग जहाज नीट सांभाळेल."

बाबा इतके हसले की खालच्या दुकानातला माणूस वर डोकावून गेला. घरी गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं, माणूस तिरसट आहे पण पोरगी तिथं शिकेल. गेल्या आठवड्यात तुमची बातमी सांगितली तेव्हा त्यांना तेच आठवलं. "खुर्ची दिली होती त्यांनी मला," म्हणाले.

पहिल्या दिवशी तुम्ही ना खडू हातात घ्यायचात ना पुस्तक. काकूंची कणीक मळायची मोठी परात तुम्ही कसब्यातल्या घरातून पिशवीत घालून चालत आणायचात. तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतायचं आणि एकेकानं ती उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. कुणालाच जमायचं नाही. हात जरासा कलला की सगळं पाणी त्याच बाजूला धावायचं, त्या पाण्यानं परात आणखी कलायची, आणि नवीन बुटांवर पाणी सांडलेलं पोर तुमच्याकडे केविलवाणं बघायचं. मग तेच पाणी तुम्ही चार तांब्यांत भरून परातीत ठेवायचात. आता पुन्हा न्या. सगळे आरामात नेऊन ठेवायचे.

"पाणी तेवढंच, वजन तेवढंच. बदललं काय?"

मग तुम्हीच सांगायचात.

"पाण्याला धावायला जागा राहिली नाही. म्हणून टाकी एकतर पूर्ण भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करा. भरायलाच लागलात तर मध्ये थांबू नका. अर्धवट टाकी तुम्हाला कधी उताणं पाडेल ते कळायचं नाही."

परात गेली की त्या दिवशी काकूंना पातेल्यात कणीक मळावी लागायची. त्या शेजारणीला सांगायच्या, "आज पोळ्या लहानच होतील. जहाजं बुडवायला परात गेलीय." एकदा मी न राहवून म्हणाले होते, की सर, दुसरी परात विकत घ्या की. तुम्ही म्हणालात, दुसरी घेतली की हिला तक्रार करायला काय उरेल? तेव्हा मला वाटलं तुम्ही विनोद करताय. आता वाटतं तुम्ही खरंच ती तक्रार जपून ठेवली होती.

परातीनंतर फळा. फळ्यावर दोनच टिंबं. खालचं जी, म्हणजे जहाजाचं सगळं वजन जिथं एकवटतं तो गुरुत्वमध्य. वरचं एम, म्हणजे जहाज कललं की पाणी त्याला जिथून सावरून धरतं ती जागा. "जी खाली आहे, एम वर आहे, तोवर खुशाल झोपा. जी वर सरकून एमजवळ आला, की जागे व्हा. एमच्या वर गेला, तर मला फोन करू नका, मी जेवत असेन." किती बॅचेसनी ही वाक्यं पाठ केली असतील. शनिवारी दुपारपासून आपल्या सगळ्या ग्रुपवर तीच फिरताहेत. कुणी बंदरात उभं राहून पाठवलीयत, कुणी भर समुद्रातून. एकानं नुसतं लिहिलं होतं, 'सर जेवताहेत.' ते वाचून मला रडू फुटलं.

आणि मग यायचा तुमचा लाडका धडा. कललेलं जहाज. एखाद्या बाजूला वजन जास्त झालं म्हणून जहाज कललं, तर ती साधी गोष्ट, समोरच्या बाजूला वजन घाला, सरळ होईल. पण कधी वजन बाजूला नसतं, वर असतं. जी एमच्या वर गेलेला असतो. अशा जहाजाला सरळ उभंच राहता येत नाही. ते एका कुशीवर पडून राहतं, आणि मोठी लाट आली की दुसऱ्या कुशीवर जाऊन पडतं. याला लॉल म्हणायचं. बघणाऱ्याला दोन्ही जहाजं सारखीच कललेली दिसतात, उपाय मात्र उलटे. लॉलमधल्या जहाजाच्या उंच बाजूला पाणी भरलंत, तर ते सरळ होऊन थांबत नाही, त्या वजनासकट धाडकन पलीकडे कोसळतं आणि कदाचित कोसळतच राहतं. म्हणून आधी कललेल्या बाजूच्याच तळातली टाकी भरायची. तळ जड झाला, की जी खाली येतो.

"हात आपोआप उंच बाजूकडे जातो," तुम्ही सांगायचात. "माणसाचा हातच तसा आहे. तो बांधून ठेवा."

सरावाच्या तोंडी परीक्षेत कुणीतरी 'उंच बाजू' म्हणायचंच. तुम्ही वर न बघता म्हणायचात, "बुडालात. पुढचा." मीसुद्धा पहिल्यांदा बुडाले होते, आणि तुम्ही मला लिंबू सरबत पाजलं होतंत.

जहाजावर रुजू व्हायला निघालेली पोरं तुम्हाला भेटायला कसब्यातल्या घरी यायची. चुकून कुणी 'जातो सर' म्हणालं की तुम्ही त्याला जिन्यावरून परत वर बोलवायचात. "जातो काय? येतो म्हणायचं. आणि मग यायचं." शुभेच्छा नाही, पाठीवर हात नाही, नुसतं तुमचं ते "ये." मला लाकडाच्या जहाजावर जाताना त्या एका शब्दानं फार बरं वाटलं होतं. मी कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुम्ही अवघडून खडू शोधायला लागला असतात.

त्या जहाजाविषयी तुम्हाला मी जे सांगितलं ते सगळं खरं होतं, पण सगळं सांगितलं नव्हतं. डेकवर लाकूड रचलेलं, थंडीचा समुद्र, लाटांचे तुषार सतत अंगावर. लाकूड पाणी पीत गेलं आणि वरचं वजन वाढत गेलं. खालच्या टाक्यांतलं तेल आणि पाणी आम्ही वापरत होतो, म्हणजे तळ हलका होत होता. माझ्या हिशोबात लाकूड जेवढं पाणी पिणार होतं त्यापेक्षा ते जास्त प्यायलं. एका सकाळी जहाज डावीकडे कललं आणि तसंच राहिलं. कॅप्टन म्हणाले, डावीकडचं लाकूड जास्त भिजलंय, उजवी टाकी भर. मी थोडं थांबायची विनंती केली. तेवढ्यात मोठी लाट आली, जहाज उठलं, सरळ होतंय होतंय असं वाटलं आणि पलीकडे जाऊन उजव्या कुशीवर पडलं. कल अगदी तेवढाच.

"सर, हे लॉल आहे," मी कॅप्टनना म्हणाले. "आता उजवीकडे कललंय, तर उजवीच भरायची. तळातली. पण आता ती कललेली बाजू आहे म्हणून, सकाळच्या हिशोबानं नाही."

"खात्री आहे?"

"आहे."

पंप सुरू झाला, आणि जहाज आणखी कलायला लागलं. ते कलणारच होतं. टाकी भरेपर्यंत आतलं पाणी परातीतल्यासारखं धावतं, शिवाय ते वजन कललेल्याच बाजूला पडत असतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे: सुरुवातीला कल वाढेल. त्या ओळीला किती वेळ लागतो ते कुठं दिलेलं नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, सगळे कल दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होते, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. टेबलावरचा कप घसरत कडेला आला आणि पडून फुटला. मग काटा थांबला. मग तो परत फिरला, इतका सावकाश की आधी मला तो भास वाटला. टाकी भरली, समोरची भरली, जहाज उभं राहिलं. कॅप्टननी हात मिळवला.

घरी आले तर हडपसरच्या आमच्या विहारात माझा सत्कार. शाल, फुलं, शेजारच्या मावशींचे पेढे. सगळे म्हणत होते, काय धीराची पोर. आणि मला आमच्या इमारतीचा जिना उतरताना कठडा सोडता येत नव्हता.

तुम्ही माझं कौतुक केलं नाहीत. बॅचच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकलात. "तपासून दे. चूक कुठं झाली तेवढं नको, का झाली तेही लिही." मला तुमचा भयंकर राग आला होता. पण रोज बुधवार पेठेत यायचं, दुसऱ्यांचे जी आणि एम शोधत बसायचं, यात माझे पाय हळूहळू जमिनीवर आले. कठडा कधी सुटला ते कळलंही नाही. यासाठी मी तुमचे आभार मानले नव्हते. आता मानते.

इथवर तुमचं सगळं बरोबर होतं. मग मात्र तुमचा धीर सुटला. मी जरा बरी दिसायला लागल्यावर तुम्ही सुरू केलंत: तू हुशार आहेस, तू जा, तुझ्यासारखी माणसं बोटीवर हवीत, एक दिवस कॅप्टन होशील. मी म्हणायचे, मी चुकले असते तर बरं झालं असतं, चूक दुरुस्त करता येते. मी बरोबर होते, तरी ते कलत गेलं. माझ्या शब्दावर एवढी माणसं कलत गेली. त्यावर तुमचं उत्तर, "मग तुझ्या शब्दावरच उभीही राहिली." मी म्हणायचे, शिकवायलाही कुणी लागतंच की. तुम्ही म्हणायचात, "शिकवायला मी आहे ना." बोला आता.

एकदा तर अमृततुल्यमध्ये चहा घेताना तुम्ही असं काही बोललात, "घाबरतेस तर शिकवतेस कशाला?" मी चहा अर्धा टाकून निघून आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर क्रीमरोल आणून ठेवलात. आपण तो अर्धा अर्धा खाल्ला. पण त्या दिवसापासून तुम्ही जितकं 'जा' म्हणायचात तितकी मी 'नाही'कडे झुकत गेले. तुम्हाला ते दिसत नव्हतं असं मला वाटायचं.

मंगळवारी मी काकूंना भेटायला कसब्यात गेले. घर नातेवाइकांनी भरलेलं. जो तो त्यांना सावरत होता. त्रास न होता गेले, सोनं झालं. आता तुम्ही स्वतःला जपा. आमच्याकडे कोथरूडला चला, मोकळी हवा आहे. काकू कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांसाठी चहा करत होत्या. मी स्वयंपाकघरात गेले तर मान वर न करता म्हणाल्या, "समजूत घालायला आली असशील तर हे कप बाहेर ने."

मी कप खाली ठेवले आणि ओट्यापाशी उभी राहिले. माझ्या तोंडून निघालं, "काकू, शनिवारी सकाळी काय झालं?"

त्यांनी गॅस बंद केला. चार दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे त्यांना त्या सकाळपासून लांब नेत होते. त्या पाटावर बसल्या आणि सांगायला लागल्या. चहा झाला होता. तुम्ही पेपर उघडला होता, पण वाचत नव्हतात. माझ्याबद्दल बोलत होतात.

"म्हणाले, प्रज्ञा उद्या नाही म्हणणार बघ. मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणाले, मीच म्हणायला लावलं. जन्मभर पोरांना सांगत आलो, उंच बाजूला हात लावू नका. आणि हिच्या बाबतीत दोन वर्षं तेच करत बसलो. 'जा, जा.' म्हणाले, 'बुडालो मी यात. उद्या ती नाही म्हणाली की हो म्हणणार आहे, आणि नुसतं ऐकून घेणार आहे.' मी म्हटलं, तुम्ही आणि नुसतं ऐकून घेणार? हसले. मग..."

मग काकूंचा आवाज फुटला. त्या इतक्या मोठ्यानं रडल्या की बाहेरची सगळी माणसं आत धावत आली आणि मीच काही बोलले असेन अशा नजरेनं माझ्याकडे बघायला लागली. तुमच्या मेहुण्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी हलले नाही. काकूंचा हात हातात धरून खाली फरशीवर बसून राहिले. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भूक लागलीय." त्या दिवशी त्या पहिल्यांदा नीट जेवल्या. मलाही वाढलं. आमटी खारट झाली होती, तर मेहुण्यांना म्हणाल्या, "ते असते तर बोलले असते. तुम्ही गप्प का?"

परतीच्या बसमध्ये मी कंपनीला मेसेज लिहिला. येते आहे, तारीख कळवा. डोळे भरून येत होते आणि अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. तुम्ही चूक कबूल केलीत, तुम्ही गेलात, आता मी जाऊन दाखवणार. माझं बोट पाठवायच्या खुणेवर होतं, आणि मी थांबले. तुमच्यामुळेच थांबले. सकाळपर्यंत मी एका कुशीवर होते, संध्याकाळी एका लाटेसरशी दुसऱ्या कुशीवर जाऊन पडले होते. कल तेवढाच. याला काही उभं राहणं म्हणत नाहीत. मेसेज पुसून टाकला आणि हडपसरला उतरून आईसाठी मेथी घेतली.

गुरुवारी बॅच यायची होती. पोरांची तोंडी परीक्षा जवळ आलीय, सुट्टी कुणालाच नको होती. मी परात मागायला गेले तेव्हा काकूंनी ती आधीच घासून पिशवीत घालून ठेवली होती. "पोचा पडला तर बघ," एवढंच म्हणाल्या.

तुमची खुर्ची मी सरकवली नाही. उभं राहूनच शिकवलं. लॉलपर्यंत आले, आणि फळ्यावर आकृती काढायच्या ऐवजी मी त्यांना ते लाकडाचं जहाज सांगितलं. दोन वर्षांत या खोलीत मी ते कधीच सांगितलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सांगितलं तेही 'सुरुवातीला कल वाढला, मग सावरलं' एवढंच. गुरुवारी मी मधला वेळ सांगितला. काटा, कप, कुणीच माझ्याकडे न बघणं. सांगता सांगता मी टेबल घट्ट धरलं. परात माझ्यापुढेच होती, टेबलाला धरलेल्या हातामुळे तिच्यातलं पाणी हललं, आणि समोर बसलेल्या मुलीला ते दिसलं. मला वाटलं आता मी इथून निघून जावं. गेले नाही.

त्याच मुलीनं विचारलं, "मॅडम, ते परत सरळ होईल असं तुम्हाला तेव्हा वाटलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "माहीत होतं. वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं आपण बुडालो आणि ते मी केलं."

सर, हे वाक्य मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही 'तू बरोबर होतीस' म्हणायचात तेव्हा मला हे म्हणायचं असायचं, आणि तुमच्या त्या कौतुकापुढे ते तोंडातून निघायचं नाही.

मागून शिंदे म्हणाला, त्याला तुम्ही ओळखता, गणितात कच्चा आणि प्रश्नात पक्का, "मग मॅडम, तुम्ही पंप बंद का नाही केला?"

"बंद केला असता तर टाकी अर्धवट राहिली असती," मी म्हणाले. "भरायला घेतली की भरेपर्यंत थांबायचं नाही."

त्यानं ते लिहून घेतलं. बाकीच्यांनीही घेतलं. मी मात्र खडू हातात धरून उभीच राहिले. दोन वर्षांपूर्वी मी जहाज सरळ केलं, घरी आले आणि माझ्या आतला पंप मध्येच बंद करून टाकला होता. सगळं पाणी आत नुसतं धावत होतं, कुणी 'जा' म्हणालं की इकडे, कुणी 'राहा' म्हणालं की तिकडे. खालच्या दुकानात कुणीतरी रेडिओ लावून बघत होतं. मी पाणी प्यायले आणि पुढचं गणित घातलं. घरी जाताना जिना उतरले. तो नेहमीसारखाच उतरले, पण या वेळी माझं लक्ष होतं.

शुक्रवारी आणि काल मी मुद्दाम काही ठरवलं नाही. लाट असली तर ओसरू दे म्हटलं. आईबरोबर डाळ निवडली, बाबांबरोबर बाजारात जाऊन आले. भीती आहे का ते मधूनमधून बघत होते. आहे. ती जाणार नाहीये, हे मला आता कळलंय. पण ती तळाशी जाऊन बसलीय, आणि तिच्यामुळे मला उभं राहता येतंय. तुम्ही असतात तर या वाक्यावर 'पुरे, जहाजं जहाजात राहू देत' म्हणाला असतात, आणि मग दुसऱ्या दिवशी हेच वाक्य स्वतःचं म्हणून बॅचला सांगितलं असतंत.

आज सकाळी कंपनीला कळवलं. तुमच्यासाठी नाही, तुमच्यावर उपकार म्हणून नाही, तुमच्यावरच्या रागानंही नाही. ही बॅच परीक्षेला बसली की मी रुजू होणार. बाबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "पोहायला शिकलीस का?" मी म्हणाले, नाही. "उत्तम," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

दुपारी काकूंकडे गेले. मी नसताना क्लासचं काय, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "काही महिन्यांत परत येशील ना? मग खोली कुठं पळून जाते? परात मात्र इथंच राहील. तुमच्या बोटीवर पाणी भरपूर असतं, तिकडे माझी भांडी नकोत." मग मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. तुम्ही उभे राहायचात तिथंच, जिन्याच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या.

मला रविवारी तुम्हाला जे सांगायचं होतं ते बदललंय, सर. तुम्ही हो म्हणून नुसतं ऐकून घेणार होतात, ते मला फार बघायचं होतं. तुम्हाला ते जमलं नसतंच, पण तुम्ही प्रयत्न करताना कसे दिसला असतात ते मला बघायचं होतं. त्याचं वाईट वाटतंय आणि ते वाटत राहणार आहे. मी बोटीवर जाणार आहे. तुम्ही जिन्याच्या वर नाही आहात, पण जसं म्हणायचं शिकवलंत तसंच म्हणते.

येते, सर.